कुंभिवलीत थांबायचं नाही

आमच्या ह्यांना 'नाही' म्हणता येत नाही. दोष म्हणाल तर एवढा एकच, पण तो सगळ्या पळसदरीला पुरून उरला आहे. हे गोठ्याच्या छपरावर चढले की खालून कोणी तरी हाक मारणारच, "सहदेवा, जरा ये रं!" की हे उतरले. दुसऱ्याचं छप्पर संध्याकाळपर्यंत शाकारून तयार, आणि आमची गुरं पावसाळाभर गोठ्याच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभी. अंगणाचं कुंपण अर्ध्यावर, न्हाणीची फरशी अर्ध्यावर, दाराचा निळा रंग कडीपर्यंत. उरलेलं मी करते. लग्न झाल्यापासून ह्यांच्या मागून फिरत कामं पुरी करणं हाच माझा धंदा, आणि तो करताना मी तोंडही चालवते. खोटं कशाला सांगू?

गाव ह्यांना हसतं. मीही हसते. पण माझ्या नवऱ्याला हसायचं तर ते मी हसेन, आबाजी गिरणीवाल्याने हसायचं कारण नाही. पुढचं सगळं रामायण त्याच्या हसण्यावरून झालं.

साल त्र्याऐंशी. भात झोडून कणगीत पडलं आणि माझ्या पोटात कळ आली. आधी वाटलं, नव्या तांदळाच्या भाकऱ्या जास्त झाल्या. मग उभं राहता येईना. गावात गाडी एकच, आबाजीचा टेंपो, आणि तो नेमका पेंढा भरून पनवेलला गेलेला. शेवटी बाजेला बांबू बांधले, तिच्यावर मला घातलं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन कर्जत गाठलं. वर उघडं आभाळ, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला पोटात सुरी. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी पोट उघडलं म्हणून मी वाचले. घरी सोडताना त्यांनी बजावलं, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, आणि महिनाभर हसायचं नाही, टाक्यांना ओढ बसते. बाकी सगळं मी पाळलं.

घरी येऊन पडवीत पडले असतानाच कर्जतच्या तरुण मंडळाची पोरं गावात आली. आमच्या दारासमोर मारुतीचं देऊळ, त्यामुळे मला पडल्या पडल्या सगळं ऐकू येत होतं. ह्या बाजूच्या गावांसाठी त्यांना रोग्यांना न्यायची गाडी करायची होती. त्यासाठी दौड ठेवली होती. कर्जतहून निघायचं, पळसदरी, खोपोली करत कुंभिवलीवरून खालापूर गाठायचं. तेराएक मैल. प्रत्येक गावाने आपला एक गडी द्यायचा, आणि तो खालापूरला पोचला तर गावाने गाडीसाठी जमेल ते द्यायचं. अर्ध्यात बसला तर काही नाही.

"कोन येतं पळायला?" पोरांनी विचारलं. सगळ्यांना आपापली गुरं आठवली. मग त्यातला एक जण ह्यांच्याकडे वळला, "सहदेवदादा, तुमी येता का?"

"येतो की," हे म्हणाले. विचारल्यावर दुसरं काय म्हणणार?

आबाजी असा हसला की देवळातली कबुतरं उडाली. "ह्यो? आरं, ह्यो तंबाखू आनायला गेला तर दुसऱ्या दिवशी घरी येतो. ह्यो खालापूरला पोचला ना, तर माझा टेंपो दिला तुमच्या रोग्यांना. चावीसकट दिला. मारुतीसमोर सांगतो!"

सगळा गाव हसला. ह्यांना राग येत नाही, हेही हसले. माझं मात्र डोकं फिरलं. मी उशी पोटावर दाबली आणि आतून ओरडले, "ऐकलंत ना रं सगळ्यांनी? टेंपो, चावीसकट!"

देवळातलं हसणं थांबलं. पण आता गंमत संपली होती हे मलाही कळत होतं. टेंपो रोग्यांसाठी राहिला तर पुढच्या बाईला बाजेवर घालून न्यावं लागणार नव्हतं. आणि तो मिळवायचा तर ज्या माणसाने आयुष्यात कुठलंही काम शेवटाला नेलं नव्हतं, त्याने खालापूरपर्यंत न थांबता जायचं होतं. मागून जाऊन पुरं करायला मी उठू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी ह्यांना पहाट झाली की धरणाच्या बांधावर पिटाळू लागले. पायांची मला काळजी नव्हती. चिखलात नांगरामागे चालणारे पाय ते. काळजी होती कानांची. पहिल्या दिवशी गेले ते दुपारी आले, अंगाला वास मारत. सोनुबाईची म्हैस अडली होती. "रेडकू बेस हाय," म्हणाले, जसं काही मी त्यासाठीच पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी कोणाच्या विहिरीत कळशी पडली होती. तिसऱ्या दिवशी मी ह्यांना समोर बसवलं.

"वाटेत हाक आली तर काय म्हननार?"

"येतो म्हननार."

"नाय म्हना ना!"

जन्मात न उच्चारलेला शब्द त्या वयात कुठून येणार? बराच वेळ विचार करून मी तोड काढली.

"बरं. नाय म्हनू नका. 'येताना' म्हना. येताना येतो. पन जाताना थांबायचं नाय."

हे ह्यांना पटलं. 'येताना' म्हणजे काही नकार नव्हे. पुढच्या पहाटेपासून बांधावरून आरोळ्या ऐकू येऊ लागल्या, "येताना, काकी! येताना, चांगो!" आणि खरंच हे न थांबता जाऊन येत, आणि मग सगळ्यांची कामं करत बसत. पण पळणं तरी पुरं होऊ लागलं.

एवढ्यात माझी आई आली. आईचं नाव गोदूबाई, माहेर आमचं कुंभिवली, अगदी हमरस्त्याला. तिने जावयाने थापलेली भाकरी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि माझं गाठोडं बांधायला घेतलं. घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून टाके भरून येईपर्यंत मी माहेरी राहायचं ठरलं. हे एस.टी.पर्यंत सोडायला आले. मी गाडीत बसल्यावर बाहेरून खिडकीचा गज धरून उभे राहिले. मी म्हटलं, "येताना म्हनायचं, इसरू नका." गाडी सुटली तरी गज सोडेनात, कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला.

माहेरी मला माशी उडवायचंही काम नव्हतं. माझा धाकटा भाऊ गजा सायकलवरून खोपोलीच्या बाजारात जाई, तो पळसदरीच्या माणसांकडून ह्यांची खबर आणी. दौडीच्या आदल्या दिवशी मात्र मला स्वयंपाकघरातून वाटणाचा वास आला आणि मी भिंतीला धरत आत गेले. आईने कोंबडीचं वाटण काढलं होतं. वड्यांचं पीठ भिजत होतं. कोपऱ्यात नवा टॉवेल, टोपी, पाय धुवायला घासून लखलखीत केलेलं पितळेचं घंगाळ.

"आये, हे काय?"

"काय म्हंजे? जावाय उद्या दारावरनं जानार ना?"

"जानारच. पळत जानार."

"पळू दे की. आधी पाय धुवू, ओवाळू, दोन घास खाईल, टॉवेल-टोपी देऊ, मग पळू दे. तुझं आपरेशन झाल्यापासनं पयल्यांदा दाराशी येतोय. तुला खांद्यावरनं नेऊन जगवलं त्यानं. त्याला उपाशी लावू दारावरनं? गाव तोंडात शेन घालील."

आता हिला काय सांगणार? माझ्या आईच्या दारावरून जावई पाणी न पिता गेला, हे ती मेली तरी होऊ देणार नाही. आणि जावई तर असा, की त्याला पाटावर बस म्हटलं की बसणार. कोंबडीच्या रश्श्यापुढे 'येताना' टिकेल यावर माझाही विश्वास नव्हता. एकदा बसले की उठायला संध्याकाळ. टेंपो गेला.

"आये, बसला की संपलं गं! ते मंग उठायचं नायत. तुला ठाव नाय का त्यांची सवय?"

"ठाव हाय. कायबी पुरं करत नाय. मंग निदान जेवन तरी पुरं करू दे."

गजा दारात सायकलला तेल घालत होता. तो मान वर न करता म्हणाला, "बाज पुरी नेली दाजींनी."

"कुठली बाज?" मी विचारलं.

"तुजी. खोपोलीत पळसदरीची मानसं सांगत व्हती. बाकीच्या तिघांनी वाटेत खांदं दिलं घेतलं, मानसं बदलली. दाजींनी खांदा नाय बदलला. कर्जतपतुर नाय."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. बाजेवर मी डोळे मिटून होते, माझ्या उशाशी कोणाचा खांदा आहे ते मी पाहिलं नव्हतं. मी तिथेच चुलीपाशी बसले आणि मला रडू आलं. रडण्यानेही टाक्यांना ओढ बसते, हे डॉक्टर सांगायला विसरले होते. आई पदराने माझं तोंड पुसू लागली, तेवढ्यात मी तिचा हात धरला.

"आये, मान द्यायचा तर दे. सगळा दे. पन पळता पळता दे. त्यांना उभं करायचं नाय."

आईने आपल्या पोटऱ्या चाचपल्या. "किती लांब पळायचं?" तिने विचारलं.

दौडीच्या दिवशी सकाळपासून आमच्या दारापुढे हमरस्त्यावर ही गर्दी. गजा सायकल घेऊन खोपोलीकडे जाई आणि खबर घेऊन येई. मी मात्र दारात बसले नाही. वेशीबाहेर खालापूरच्या बाजूला, आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याला मोरी आहे, तिच्या कट्ट्यावर उशी पोटाशी धरून बसले. म्हटलं, गावाच्या तावडीतून सुटून हे इथवर आले की समजायचं पार पडले.

पहिली आली ती मंडळाची पोरं, अर्ध्या चड्ड्या आणि पांढरे बूट घालून. मग पुष्कळ जण आले, काही धापा टाकत, काही नुसते चालत. गजा येऊन सांगे, "दाजी दिसत नायत." मग, "दाजी दिसलं, खोपोलीत म्हातारीनं हाक मारली, 'येताना' म्हनून गेलं." मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी रस्त्याच्या टोकाला आबाजीचा टेंपो दिसला. अगदी सावकाश येत होता, आणि त्याच्या पुढे, उघड्या पायांनी, घामाने निथळत आमचे हे.

आबाजी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत होता. "सहदेवा, पाय फुटलं रं तुझं! ये आत, खालापूरला सोडतो!"

"येताना, आबाजी!" हे ओरडले. मोरीवर बसल्या बसल्या मी उशीत तोंड खुपसलं.

आणि मग माझ्या माहेरच्या माणसांनी रस्त्यावर उडी घेतली. गजा तांब्याने ह्यांच्या पायांवर पाणी ओतत बरोबर पळू लागला. निम्मं पाणी पायांवर, निम्मं मागच्या टेंपोच्या काचेवर. दुसऱ्या बाजूला आई, नेसूचा ओचा खोचून, हातात ओवाळणीचं ताट. निरांजन पहिल्याच पावलाला विझलं, तरी तिने ओवाळलं. कुंकू लावायला हात पुढे केला तो ह्यांच्या कानात गेला. शेजारच्या अंबूबाईने मागून टोपी डोक्यावर ठेवली, ती उडाली, ती उचलायला तिचा पोरगा पोशा पळाला, त्याच्या मागे कुत्रा. आई एक वडा ह्यांच्या तोंडात कोंबून ओरडत होती, "नीट चावून खावा, जावाय!" टेंपोतून आबाजी हॉर्न वाजवत होता, आणि हॉर्नला कोणी विचारत नव्हतं. मी उशी दोन्ही हातांनी दाबून धरली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवशी टाके उसवले नाहीत ते कशाने, देव जाणे.

पण ह्यांचे पाय थांबले नाहीत. घरावरून गेले. घंगाळावरून, पाटावरून गेले. आई दमून रस्त्यातच उभी राहिली, ताट छातीशी धरून, सगळं पार पाडल्याच्या आनंदात. हे वेस ओलांडून मोरीपाशी आले, मला पाहिलं, आणि उभे राहिले.

"टाकं कसं हायत?"

"बरं हायत. थांबू नका."

"झालं गं," म्हणाले, आणि माझ्या शेजारी कट्ट्यावर हात टेकला. पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. तोंडात अजून वडा होता. "झालं. बास."

"बास काय? खालापूर तं हे काय, म्होरं दिसतंय."

"मला खालापूरला कुठं जायचं व्हतं?" हे म्हणाले. "तू हितं आलीस, नि पोरांनी सांगितलेल्या रस्त्यात कुंभिवली व्हती. म्हनलं, तुला बघायला व्हईल. समद्यांना 'येताना' म्हनलो. तुला कसं म्हनू?"

मला काय वाटलं ते सांगते. टेंपो गेला खड्ड्यात, असं वाटलं. ह्यांना तिथेच बसवावं, पदराने तोंड पुसावं, आत नेऊन आईच्या पाटावर जेवू घालावं. इतक्या वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं मी ह्यांच्या तोंडून. आणि ऐकलं ते नेमकं तेव्हा, जेव्हा ऐकून बसायची सोय नव्हती. मागे आबाजी टेंपोतून उतरला होता. तो हसत मात्र नव्हता. दाराला टेकून बघत होता. मला ती बाज आठवली. माझ्या जागी दुसरी कोणी तरी बाई आणि वर तेच उघडं आभाळ. प्रत्येकीच्या उशाशी असा खांदा असेलच असं नाही.

मी उशी कट्ट्यावर ठेवली, उठले आणि खालापूरच्या दिशेने चालू लागले.

"अगं! कुठं निगाली?"

"खालापूरला. तुमचं ऱ्हायलेलं पुरं कराया. नेहमीचंच हाय."

"बस खाली! टाकं तुटतील!"

"तुमी वळनापल्याड गेलात की बसते. तवर नाय बसायची."

ह्यांनी माझ्यासमोर हात जोडले. मी चालतच राहिले. एक हात पोटावर, एक पाऊल, मग दुसरं. दुखत होतं, पण ते मी तोंडावर दिसू दिलं नाही. हे माझ्या पुढे चार पावलं पळाले आणि वळून पाहिलं. मी चालत होते. आणखी पळाले, पाहिलं. मी चालतच. मग मात्र ह्यांना कळलं की मला बसवायचा रस्ता एकच आहे, आणि हे असे सुटले की सकाळपासून तसे पळाले नसतील. वळणावर एकदा मागे पाहिलं. मी हात वर केला. हे दिसेनासे झाले आणि मी आहे तिथेच धुळीत फतकल मारून बसले. आबाजीचा टेंपो माझ्या शेजारून गेला. गजा सायकलवर टांग मारून त्याच्या मागे सुटला.

आईने आणि अंबूबाईने मला धरून घरी नेलं. शिव्याही पोटभर दिल्या. मी पडून राहिले, कान रस्त्याकडे लावून. जेवणं खोळंबली होती, रस्सा दोनदा गरम झाला. मग अंगणात सायकल आपटल्याचा आवाज आला आणि गजा धावत आत आला.

"पोचलं! पोरं मांडव सोडत व्हती गं, तेवढ्यात पोचलं. पार वाकलं व्हतं, गुडघ्यावर हात ठेवून. पोरांनी हार घातला. आबाजीनं समद्यांदेखत चावी पुढं केली."

"मंग? काय म्हनाले आबाजीला?"

"आबाजीकडं बघितलं पन नाय. मला बघितलं नि माझी कॉलर धरली," गजा म्हणाला. "म्हनलं, 'बसली का रं ती?'"